सहा ओळींचा प्रोग्रॅम दोन एमबीचा कसा होतो?

दिवाळीच्या सुट्टीत भाची माझ्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये आली ती लॅपटॉप उघडा हातात घेऊनच. सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी चहा सांगायच्या आधीच तिनं स्क्रीन माझ्यापुढं केली.

"मामा, हे बघा. प्रोग्रॅम एकच, सहा ओळींचा. स्क्रीनवर एक वाक्य छापतो, बास. लॅबमध्ये लिनक्सवर जीसीसीनं केला तर फाइल 16 केबीची झाली. मैत्रिणीनं विंडोजवर टीसीसी वापरून केला, तर 2 केबी. आणि तोच मी गो भाषेत लिहिला तर जवळजवळ 2 एमबी! मग गोचा कंपायलर इतका वाईट आहे का?"

जीसीसी आणि टीसीसी हे सी भाषेचे कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या ओळींचं प्रोसेसरला कळणाऱ्या मशीन कोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम. दोन केबी आणि दोन एमबी म्हणजे हजारपटीचा फरक. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि कंपायलर वापरायला लागलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो. बहुतेक जण "तो कंपायलर फुगवतो" असं म्हणून सोडून देतात. मला तसं सोडणं पटत नाही, कारण माझं पोट ज्या कामावर चालतं तिथं अख्खा प्रोग्रॅम 32 केबीच्या चिपमध्ये बसवावा लागतो. फाइल उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला गत्यंतर नसतं.

म्हणून तिला आधी तिचीच 16 केबीची फाइल उघडायला लावली. मशीन कोड दाखवणारी कमांड चालवली आणि मेन, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन, शोधलं. मोजून तीस बाइट निघाले. एका ओळीत वाक्याचा पत्ता रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ठेवलाय, पुढच्या ओळीत छापणाऱ्या फंक्शनला हाक मारलीय, मग शून्य परत करून काम संपलंय. तिनं लिहिलेलं होतं प्रिंटएफ, पण आत हाक गेली होती पुट्सला. साधंच वाक्य आहे, आकडे वगैरे काही भरायचे नाहीत, हे जीसीसीच्या लक्षात आलं आणि त्यानं परस्पर हलकं फंक्शन निवडलं. तिला ते बघून फार आनंद झाला. मला अजूनही होतो.

तर तिची स्वतःची कमाई तीस बाइट. इतर कंपायलरांकडे ती थोडी पुढं-मागं होईल, पण दोन केबी, सोळा केबी आणि दोन एमबी यांतला फरक त्या तीस बाइटांत नाही. तो त्यांच्याभोवती जे गोळा झालंय त्यात आहे.

लग्नाचा हिशेब आठवा. मंगल कार्यालयाचं भाडं एकदाच लागतं, मग माणसं पन्नास येवोत की पाचशे. ताटामागचा खर्च मात्र माणसागणिक वाढतो. एक वाक्य छापणारा प्रोग्रॅम म्हणजे दहा माणसांचं लग्न. तिथं सगळा खर्च भाड्याचाच दिसणार. त्यावरून आचारी महाग की स्वस्त हे ठरवता येत नाही. कंपायलर खरोखर कोड किती दाटीनं लिहितो हे ताटाचं गणित आहे, आणि ते मोठा प्रोग्रॅम घेतल्याशिवाय कळत नाही. टीसीसीचंच बघा. फाब्रिस बेलार यांनी लिहिलेला हा कंपायलर मुळात चिमुकला आणि विजेसारखा वेगवान आहे, पण कोडवर तो फारसे संस्कार करत नाही. भाडं कमी, ताट महाग. प्रोग्रॅम मोठा होत गेला की जीसीसीनं आकारासाठी नीट घासून दिलेला कोड त्याच्यापेक्षा आटोपशीर निघतो.

आता भाड्यात काय काय येतं ते बघू.

पहिली गोष्ट निव्वळ रिकामी जागा. भाचीच्या फाइलवर साइज कमांड चालवली तर कोड, डेटा सगळं मिळून जेमतेम दोन केबी भरलं. फाइल मात्र सोळा केबी. मधलं बरंचसं शून्यांनी भरलेलं. असं का? आमच्याकडे तासगावच्या बाजूला बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत. तिथं हिरवा, पिवळा आणि काळा बेदाणा एका खोक्यात कुणी भरत नाही. काळा दोनच मुठी असला तरी त्याला वेगळा खोका, आणि रॅकवर जागा अख्ख्या खोक्याची जाते. ऑपरेटिंग सिस्टिमचा खोका म्हणजे पेज, 4096 बाइटांचं. चालवायचा कोड, फक्त वाचायची वाक्यं आणि बदलता येणारी व्हेरिएबल यांना मेमरीत वेगवेगळ्या परवानग्या असतात, आणि परवानगी मिळते ती पूर्ण पेजला. लिनक्सच्या नेहमीच्या संगणकांवर 2018 सालापर्यंत कोड आणि वाचायचा डेटा एकाच खोक्यात जायचा, तेव्हा हाच प्रोग्रॅम साधारण 8 केबीचा व्हायचा. त्या वर्षी, लिंकर ज्या संचात येतो त्या बिनयुटिल्सच्या 2.31 या आवृत्तीपासून, लिंकरनं कोडला स्वतंत्र पेजांत ठेवायला सुरुवात केली, म्हणजे जे फक्त वाचायचं आहे ते कुणाला कोड म्हणून चालवता येऊ नये. सुरक्षेसाठी केलेला बदल. पण त्यानं हीच फाइल दुपटीच्या आसपास गेली, आणि कंपायलर बिचारा होता तिथंच होता.

लिंकरचं नाव इथं आलं ते मुद्दाम. आपण सगळा दोष किंवा सगळं कौतुक कंपायलरच्या नावावर टाकतो. खरं तर कंपायलर आपल्या ओळींचं मशीन कोड करून बाजूला होतो. त्या तुकड्यांना लायब्ररीशी, म्हणजे तयार फंक्शनांच्या साठ्याशी, जोडून, खोक्यांत लावून, वर पत्त्याची चिठ्ठी चिकटवून फाइल तयार करतो तो लिंकर. म्हणूनच लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग या दोन अगदी वेगळ्या कंपायलरांनी केलेला हा छोटा प्रोग्रॅम जवळजवळ सारख्याच आकाराचा निघतो. दोघेही तीच लायब्ररी आणि बहुधा तोच लिंकर वापरतात.

दुसरी गोष्ट लायब्ररी, आणि खरा मोठा फरक इथंच पडतो. पंढरपूरला पायी निघालेले दोघे डोळ्यांपुढं आणा. एकाच्या पिशवीत धोतर आणि टाळ. वाटेत अन्नछत्र आहे, मुक्कामाला ओळखीची घरं आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्यानं पीठ, मीठ, तवा, स्टोव्ह सगळं पाठीवर घेतलंय. पहिल्याचं ओझं हलकं, पण अन्नछत्र बंद असलं तर तो उपाशी. दुसऱ्याला कुठंही सोडा, तो दोन भाकरी थापून खाईल.

पहिला प्रकार डायनॅमिक लिंकिंग, दुसरा स्टॅटिक. भाचीच्या 16 केबीच्या फाइलमध्ये पुट्स हे फंक्शन नाहीच. फक्त "अमुक लायब्ररीतलं पुट्स मला लागेल" अशी चिठ्ठी आहे. लायब्ररी संगणकावर आधीच असते आणि शेकडो प्रोग्रॅम ती वाटून वापरतात. मी तिला त्याच जीसीसीला स्टॅटिकची खूण देऊन परत फाइल बनवायला लावली. आकार आठ-नऊ लाख बाइटांच्या घरात गेला. कंपायलर तोच, सहा ओळी त्याच. मैत्रिणीच्या 2 केबीमागचं गुपितही यातच आहे. टीसीसीनं विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या सी लायब्ररीकडे बोट दाखवलं आणि स्वतः जवळजवळ काहीच बरोबर घेतलं नाही. वर विंडोजच्या फाइलमधले खोके 512 बाइटांचे असतात, त्यामुळं रिकामी जागाही कमी. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये तर एक पर्याय बदलला की हाच प्रोग्रॅम दहाएक केबीचा होतो किंवा शंभर केबीच्या आसपास जातो.

लहान फाइल बघून खूश होणाऱ्यांनी ते हलकं ओझं कुणाच्या भरवशावर आहे हे विचारावं. "अमुक डीएलएल (विंडोजवरची वाटून वापरायची लायब्ररी) सापडत नाही" असा निरोप ज्यांनी कधी दुसऱ्याच्या संगणकावर बघितलाय, त्यांना अन्नछत्र बंद असणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

गो भाषेनं इथं ठाम बाजू घेतली आहे. तिचा प्रोग्रॅम शिदोरीसकट निघतो. न लागणारी मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टर, हजारो कामं आलटून पालटून चालवणारा शेड्यूलर, डेटाच्या प्रत्येक प्रकाराची माहिती, चूक झाली तर कुठल्या ओळीवर झाली हे सांगणारे तक्ते, हे सगळं त्या 2 एमबीत असतं. छापायचं वाक्य एक असो की लाख, हे भाडं ठरलेलं. पण मग ती एकच फाइल उचलून दुसऱ्या लिनक्सवर नेली की चालते, तिथं काही बसवावं लागत नाही. सर्व्हरवर काम करणाऱ्याला ही सोय दोन एमबीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

"पण मामा," भाची म्हणाली, "स्टॅटिक केलं तरी मला एकच फंक्शन हवंय ना? मग लिंकर तेवढंच का घेत नाही?"

घेतो. निदान तसा प्रयत्न करतो. लायब्ररी म्हणजे छोट्या छोट्या गठ्ठ्यांचं कपाट असतं, आणि लिंकर लागतील तेवढेच गठ्ठे काढतो. पण एका गठ्ठ्याला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. छापायचं म्हटलं की मजकूर तात्पुरता ठेवायचा बफर आला, बफरला मेमरी मागणारं फंक्शन आलं, जगभरच्या भाषांच्या अक्षरांचं आणि आकडे लिहायच्या पद्धतींचं बघणारं फंक्शन आलं. कापसाच्या गाठीतून एक धागा ओढावा आणि मागून मूठभर यावं, तसं.

त्यात प्रिंटएफ तर खास आहे. त्याला काय छापायचं हे कळतं ते टक्केवारीच्या चिन्हापुढच्या अक्षरावरून: पूर्णांक, दशांश, शब्द. पण ती चिन्हं म्हणजे साधा मजकूर. तो मजकूर वाचला जातो प्रोग्रॅम चालताना, जोडताना नाही. लिंकरला त्यातलं काही दिसत नाही. आपण आयुष्यात एकही दशांश आकडा छापणार नसलो तरी दशांश छापायची सगळी यंत्रणा त्याला घ्यावीच लागते, कारण कुणास ठाऊक, लागलीच तर?

माझ्या टेबलावर याचा अनुभव अगदी जवळून आलाय. मी द्राक्षबागांच्या ड्रीपसाठी मोटारीचे कंट्रोलर बनवतो. आत ॲटमेगा 328पी ही चिप, तीच जी आर्डुइनो उनो या सर्किट बोर्डावर असते. तिची फ्लॅश मेमरी 32 केबी, त्यातला थोडा भाग बूटलोडरला, म्हणजे चिपमध्ये नवा प्रोग्रॅम भरून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, जातो आणि प्रोग्रॅमसाठी उरतात 32,256 बाइट. रात्री थ्री फेज लाईट आली की मोटार चालू करायची, फिल्टरपाशी प्रेशर पडलं तर बंद करायची, आणि डिस्प्लेवर प्रेशर दाखवायचं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा "प्रेशर" या शब्दापुढं आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह आलं. मी सेन्सर बदलला, वायर बदलली, तरी प्रश्नचिन्ह हटेना. शेवटी लायब्ररीचं माहितीपत्रक वाचलं तेव्हा कळलं की या चिपसाठीच्या सी लायब्ररीत प्रिंटएफच्या तीन आवृत्त्या आहेत. अगदी किमान, नेहमीची आणि दशांशासकट. लिंकरला सांगितलं नाही तर मधली येते, आणि तिला दशांश दिला की ती प्रश्नचिन्ह छापते. लिंकरला जे ओळखता येत नाही ते इथं त्या लोकांनी माणसाला ठरवायला दिलंय. मला हा मार्ग फार प्रामाणिक वाटतो.

मी दशांशवाली आवृत्ती घेतली आणि डिस्प्लेवर 2.5 उमटलं. पुढं वर्षभरानं व्हॉल्व्हचं वेळापत्रक घालायला गेलो तर प्रोग्रॅम चिपमध्ये मावेना. शोधलं तर मोठी जागा दशांशानं खाल्लेली. छापायचा कोड तर होताच, पण ही आठ बिटांची चिप दशांशाची बेरीज-गुणाकार स्वतः करू शकत नाही, त्यामुळं प्रत्येक क्रियेसाठी लायब्ररीतून वेगळा कोड आलेला. शेतकरी प्रेशर अडीच किलो, तीन किलो असं बोलतात, त्याहून बारीक कुणालाच लागत नाही. मग मी 2.5 च्या जागी 25 साठवायला लागलो. छापताना आधी दोन, मग टिंब, मग पाच. दशांश प्रोग्रॅममधून पूर्ण निघाला आणि वेळापत्रक मावलं. हे कुठलाही कंपायलर आपल्यासाठी करणार नाही, कारण प्रेशरला एकच दशांशस्थळ पुरतं हे त्याला कुठून माहीत असणार?

भाड्यातली तिसरी बाब थोडक्यात सांगतो, कारण ती सोपी आहे आणि तरी सगळ्यात जास्त गैरसमज तिच्यावरूनच होतात. चुका शोधायला सोपं जावं म्हणून फंक्शनांची नावं, ओळींचे क्रमांक, व्हेरिएबलांचे प्रकार असं सगळं फाइलसोबत ठेवता येतं. जीसीसी ही माहिती त्याच फाइलमध्ये घालतो. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ती पीडीबी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. या माहितीसकट बनवलेल्या दोन फाइली नुसत्या आकारावरून शेजारी ठेवल्या तर जीसीसी उगाच लठ्ठ दिसतो. एकानं वह्या दप्तरात ठेवल्या, दुसऱ्यानं घरी, एवढाच काय तो फरक. स्ट्रिप नावाची कमांड ही माहिती काढून टाकते, आणि कंपायलरांची तुलना करायची तर त्यानंतरच करावी.

आता ताटाकडे येऊ, म्हणजे स्वतः कंपायलरच्या निर्णयांकडे. त्याला सतत एक निवड करावी लागते: आटोपशीर कोड की वेगवान कोड. दोन्ही नेहमी एकत्र मिळत नाहीत. एक साधी क्रिया घेऊ, एखाद्या संख्येला 10 नं भागणं. प्रोसेसरला भागाकाराची आज्ञा असते आणि ती लहानशी असते, पण बाकीच्या आज्ञांच्या मानानं संथ. आकार वाचवायला सांगितलं, म्हणजे ओ-एस हा पर्याय दिला, तर जीसीसी तीच वापरतो. वेग मागितला, म्हणजे ओ-टू दिला, तर तो भागतच नाही. 32 बिटांच्या धन संख्येला तो 3,43,59,73,837 नं गुणतो आणि उत्तर 35 बिट उजवीकडे सरकवतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पस्तिसावा घात भागिले दहा, वरच्या पूर्णांकात नेलेला. उत्तर दर वेळी बिनचूक येतं. कोड लांबतो, पण पळतो. भाचीनं कॅल्क्युलेटर काढून 47 वर करून बघितलं, उत्तर 4 आलं, आणि मग ती 99 वर, 1000 वर, सुचेल त्या आकड्यावर करत सुटली.

असे निर्णय कंपायलर हजारो वेळा घेतो. लहान फंक्शनला हाक मारण्याऐवजी त्याचा कोड जागेवरच उतरवून घ्यायचा, म्हणजे जायचा-यायचा वेळ वाचतो, पण दहा ठिकाणी हाक असेल तर दहा प्रती होतात. लूपचे चार फेरे एकापुढं एक लिहून काढायचे. फंक्शन 16 च्या पटीतल्या पत्त्यावर सुरू व्हावं म्हणून मध्ये काहीच न करणाऱ्या आज्ञा भरायच्या. शून्य हा साधा आकडा रजिस्टरमध्ये ठेवायचा तरी इंटेलच्या प्रोसेसरवर दोन वाटा: सरळ शून्य लिहिलं तर पाच बाइट, रजिस्टरचा स्वतःशीच एक्सॉर केला (ही क्रिया सारख्या बिटांचं शून्य करते) तर दोन. भाचीच्या तीस बाइटांत पाच बाइटवाली वाट होती, कारण तिनं ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड घासून घ्यायचा पर्याय, चालूच केलं नव्हतं. सी++ मध्ये टेम्प्लेट, म्हणजे एकदा लिहून अनेक प्रकारांसाठी वापरायचा साचा, वापरलं की पूर्णांकांची यादी, दशांशांची यादी, शब्दांची यादी यांसाठी कोडच्या वेगळ्या प्रती तयार होतात. त्यातल्या तंतोतंत सारख्या निघालेल्या प्रती ओळखून एकच ठेवणं काही लिंकरांना जमतं, काहींना नाही.

कोण किती आक्रमकपणे हे करतो, याचा अंदाज प्रत्येक कंपायलरच्या लेखकांनी आपापल्या अनुभवावरून बांधलाय. म्हणून ओ-टू हे नाव जीसीसी आणि क्लँगमध्ये सारखं असलं तरी आतले निर्णय सारखे नसतात. इथं येणाऱ्या फरकालाच मी कंपायलरचा फरक म्हणतो. तो मोजायचा तर आपला रोजचा मोठा प्रोग्रॅम घ्यावा आणि फाइलच्या एकूण आकाराऐवजी साइज कमांडमधला कोडचा आकडा बघावा.

भाचीनं लगेच फाइलवर स्ट्रिप चालवलं. सोळाचे साडेचौदा केबी झाले. तोंड पडलं तिचं. मी म्हटलं, खोके तसेच आहेत ना, नावं गेली म्हणून रॅक थोडाच रिकामा होतो. मग लिंकरला कोड वेगळा न ठेवण्याचा पर्याय दिला, तर फाइल सहा केबीच्या आसपास आली. बघून झाल्यावर तो पर्याय मी काढायला लावला. आठ-नऊ केबीसाठी सुरक्षेची भिंत पाडायची नाही.

जाता जाता तिला तिच्या कॉलेजच्या प्रोजेक्टची आठवण झाली. तो शंभर ओळींचा, आणि फाइल 4 एमबीची. साइज चालवलं तर कोड इवलासा, सगळं वजन डेटाच्या रकान्यात. प्रोग्रॅमच्या डोक्यावर दहा लाख पूर्णांकांची ॲरे, म्हणजे ओळीनं मांडलेली घरं, होती, आणि कंसात सुरुवातीची किंमत एकच दिलेली, पहिल्या घरात 1. एका घराचे चार बाइट, म्हणजे चाळीस लाख बाइट. एक घर भरलेलं असल्यामुळं ती अख्खी ॲरे, नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव शून्यांसकट, फाइलमध्ये लिहिली गेली होती. काहीच किंमत दिली नसती तर "चालू होताना एवढी शून्यं मांड" एवढी नोंद पुरली असती.

तिनं तो एक आकडा कंसातून काढला, मेनच्या पहिल्या ओळीत पहिल्या घरात 1 ठेवला आणि परत कंपाइल केलं. फाइल 16 केबीची झाली.